शेवटच्या टोकाचा फोटो

ब्रिस्टल,
रविवार, २ नोव्हेंबर २००८

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. ‘तुम्ही तिघं मजेत असाल’ असं लिहायची सवय आहे, पण तसं लिहीत नाही. ठीक असाल असं धरते. तनूचं नव्या शाळेत बस्तान बसलं का? कुशला युनिव्हर्सिटीतलं जेवण आवडत नाही असं शशिकांतकडून कळलं. त्या दोघांचं फुटबॉलवरून ईमेलवर काहीतरी चालू असतं. नील ग्लासगोला आहे, त्याला जेवण आवडतं की नाही तेही माझा नवराच मला सांगतो.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. दर पंधरा दिवसांनी आपण फोनवर बोलतोच. तनूची शाळा, तुझी काउन्सिलमधली नोकरी, मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट. मग दोघींपैकी एक जण ‘चल, ठेवते’ म्हणते. म्हटलं, लिहून बघावं. मराठी लिहायचा हात गेलाय. ‘ज्ञ’ काढताना थांबावं लागलं.

मंडळाची दिवाळी यंदाही त्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी गेले होते. अरुणाताईंनी तुझी चौकशी केली, मी ‘बरी आहे’ म्हटलं. उदयचं नाव कुणी काढलं नाही. म्हणजे माझ्यासमोर काढलं नाही. मुलांच्या नाटुकल्याच्या वेळी साउंड कोण बघणार यावरून जरा गोंधळ झाला. इतकी वर्षं तोच बघायचा, त्यामुळे केबल कुठल्या कपाटात असतात हेही कुणाला माहीत नव्हतं. शेवटी कुणीतरी घरून सीडी प्लेअर आणला आणि झालं नाटुकलं.

घरी येऊन मी शशिकांतच्या शर्टांना इस्त्री केली. अकरा शर्ट. तो म्हणाला, ‘उद्या कर ना.’ पण हाताला काम असलं की बरं असतं. मला हल्ली फारसं काही वाटत नाही, मधू. वाईट वाटतं असंही नाही. सकाळी उठते, गाडी काढते, काम करते, परत येते. कामात चूक होत नाही. कुणी विचारलं तर हसतेसुद्धा.

कामाचंच सांगते. सध्या आम्ही सगळे कन्सल्टंट एक ऑनलाइन ट्रेनिंग घेतोय. माझा सहकारी पॉल कुठल्याशा कॉन्फरन्सला गेला होता, त्याने हे डोक्यात घेतलं. आपापल्या कॉम्प्युटरवर बसायचं, लॉग-इन करायचं. आतड्यातल्या कॅमेऱ्याच्या वीस छोट्या फिल्म दाखवतात, एकेक मिनिटभराची. काही दिसलं की बटण दाबायचं. नाही दिसलं तर पुढे जायचं. त्यानंतर धडे असतात आणि शेवटी नव्या वीस फिल्मची पुन्हा परीक्षा.

तुला आठवत असेल, उदयच्या वेळी मी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं की पॉलिप म्हणजे आतड्यात उगवलेला कोंब, मशरूमसारखा, देठावर उभा असतो. तसे कुणालाही दिसतात. हे ट्रेनिंग त्यांच्यासाठी नाही. इथले सपाट असतात, आणि त्यांचाही पुढे कॅन्सर होऊ शकतो. रेशमी साडीवर पाण्याचा थेंब पडून वाळला की कसा डाग राहतो? मधे काहीच नसतं, कडेची एक रेघ असते, आणि तीसुद्धा साडी उजेडात तिरकी धरली तर दिसते. तसं काहीसं. जरासा फिकट किंवा जरासा लालसर भाग. तेवढ्यापुरतं रक्तवाहिन्यांचं जाळं दिसेनासं होतं. वर बुळबुळीत असा पातळ थर चिकटलेला, पाण्याचा फवारा मारला तरी न निघणारा. बास. एवढंच असतं.

मी चौदा वर्षं ही तपासणी करते आहे. मला पहिल्या परीक्षेत वीसपैकी नऊ मिळाले.

पॉलला सांगितलं तर तो हसला. त्याला आठ मिळाले होते.

धडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत करते. एक फिल्म तीन-तीनदा बघते. आधी काही दिसत नाही. मग ते लोक बाण दाखवतात. मग बाण काढतात, आणि आता ते दिसायचं थांबत नाही. गेल्या आठवड्यात मी शशिकांतच्या खिरीवरची साय बघत बसले होते. तो म्हणाला, ‘काय पडलंय त्यात?’

उदयला जाऊन पुढच्या रविवारी सहा महिने होतील. प्रेअर मीटिंगच्या दिवशी तू जे बोललीस ते माझ्या लक्षात आहे. त्याबद्दल कधीतरी बोलू.

एक विचारायचं होतं. घर बदलताना त्याचे हॉस्पिटलचे कागद कुठे ठेवलेस? टाकले नसशील तर राहू देत. कशासाठी ते पुढच्या वेळी लिहीन. विशेष काही नाही.

तनूला आशीर्वाद.

तुझी,
इरा


ब्रिस्टल,
रविवार, २३ नोव्हेंबर २००८

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी घरी होते. शशिकांतने मी बाथरूममध्ये आहे असं सांगितलं, तसं मीच त्याला खुणेने सांगितलं होतं. कागद निळ्या फोल्डरमध्ये आहेत हा तुझा निरोप मिळाला.

‘विशेष काही नाही’ असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

तुला हे पत्र एकटीने वाचायचं असेल तर इथे थांब. तनू घरी नसताना वाच.

ट्रेनिंग संपलं. शेवटच्या परीक्षेत मला वीसपैकी सतरा मिळाले. सर्टिफिकेट ईमेलने आलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दहा तारखेच्या सोमवारी, मी पावणेआठलाच युनिटमध्ये गेले. आमच्या तपासणीच्या खोलीमागे एक कॉम्प्युटर आहे, त्यात जुने रिपोर्ट आणि फोटो असतात. मी उदयचं नाव टाइप केलं. जन्मतारीख मला पाठ आहे, इतकी वर्षं केक मीच करत होते.

जुलै २००६. चार फोटो आहेत. तुझ्या निळ्या फोल्डरमध्ये तेच चार असतील, कागदावर छापलेले, स्टॅम्पएवढे. कॉम्प्युटरवर मोठे दिसतात.

आम्ही मोठ्या आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला पोचलो की तिथला एक फोटो काढतो. तो पुरावा असतो. तपासणी अर्धवट सोडली नाही, शेवटपर्यंत गेलो, हे दाखवायला. तो मी काढला होता. चांगला आलाय, फोकसमध्ये आहे. ॲपेंडिक्सचं तोंड दिसतं, झडप दिसते. आणि झडपेच्या खाली, डाव्या हाताला, एका घडीवर ते आहे.

फोटोच्या मध्यभागीही नाही आणि अगदी कडेलाही नाही. अंगठ्याच्या नखाएवढं असेल. थोडं फिकट. वर तो पातळ थर. रक्तवाहिन्या तिथपर्यंत येतात आणि थांबतात.

रिपोर्टमध्ये माझ्या नावावर ‘नॉर्मल’ असं आहे, आणि खाली ‘पाइल्स’.

मॉरीन, आमची सिस्टर, आत आली आणि म्हणाली की पहिला पेशंट तयार आहे. मी कॉम्प्युटर बंद करून गेले. त्या दिवशी सहा तपासण्या केल्या. सगळ्या नीट केल्या. दुपारी घरून आणलेला डबा खाल्ला. हे मी तुला का सांगते ते माहीत नाही. त्या दिवशी काहीतरी व्हायला हवं होतं असं वाटतं. हात कापायला हवे होते, घास उतरायला नको होता. तसं काही झालं नाही.

बुधवारी मी तो फोटो पॉलला दाखवला, नाव झाकून. त्याने दोन सेकंदांत बरोबर तिथेच बोट ठेवलं. म्हणाला, ‘कोर्समधला आहे का?’

मी म्हटलं, ‘माझा आहे. दोन हजार सहाचा.’

त्याने बोट काढून घेतलं. मग म्हणाला, ‘इरा, दोन हजार सहामध्ये हे कुणालाच दिसलं नसतं. मला तरी नक्कीच नाही.’

हे वाक्य तुला सांगू नये असं वाटत होतं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. आणि ते पूर्ण खरं नाही. फोटोंवर वेळ छापलेली असते. शेवटच्या टोकाचा फोटो दहा बेचाळीसचा आहे. पाइल्सचा, म्हणजे अगदी बाहेर पडतानाचा, दहा सेहेचाळीसचा. आत जाताना आम्ही फारसं बघत नाही, नीट बघायचं ते परत येताना. त्याला निदान सहा मिनिटं द्यायची असतात. मी चार दिली.

तू त्या दिवशी बाहेर कॉफी घेऊन बसली होतीस, म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नाही. त्याची चिठ्ठी माझ्या यादीत आली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं की पॉलकडे दे, ओळखीच्या माणसाची तपासणी करू नये असा संकेत आहे. तो म्हणाला, ‘अनोळखी माणसासमोर कशाला? तूच कर.’ झोपेचं इंजेक्शन त्याने घेतलं नाही, त्याला दुपारी कामावर जायचं होतं. त्यामुळे तो पूर्ण जागा होता आणि स्क्रीनकडे बघत होता. मला म्हणाला, ‘इरा, हा तर सेव्हर्न नदीखालचा बोगदा वाटतोय. ट्रेन येत नाही ना?’ मॉरीनला कळावं म्हणून परत इंग्रजीत सांगितलं. आम्ही तिघं हसत होतो. परत येताना तो मंडळाच्या साउंड सिस्टिमबद्दल बोलत होता आणि मी उत्तरं देत होते.

त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी भराभर आटपलं, असं मी मला सांगत होते. पण तो नव्हता अवघडलेला. मी होते.

जास्तीची दोन मिनिटं दिली असती तर दिसलं असतं का? मला माहीत नाही. तेव्हा माझे डोळे वीसपैकी नऊवाले होते. पण दिली नाहीत एवढं खरं आहे.

गुरुवारी मी हॉस्पिटलला लेखी कळवलं. चौकशी होईल. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं की कुटुंबाला पत्र हॉस्पिटलकडूनच जाईल, तुम्ही स्वतः संपर्क करू नका. मी हो म्हटलं. त्यांचं पत्र इंग्रजीत येईल आणि त्यात माझं नाव ‘एन्डोस्कोपिस्ट’ असं असेल. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून मी आज पोस्ट करते आहे.

नील लहान असताना माझी ऑन-कॉल असली की तू त्याला शाळेतून आणायचीस, जेवू घालायचीस. कधी विचारलं नाहीस की उशीर का झाला. ते आठवून मी हे लिहायला बसले नाही. पण लिहिताना आठवलं.

तुला जे काही बोलायचं असेल ते बोल. या वेळी फोन मी उचलेन.

इरा


ब्रिस्टल,
रविवार, ११ जानेवारी २००९

प्रिय मधू,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा लिहायला हव्यात. तनूच्या मॉक परीक्षा चालू असतील, तिला माझ्याकडून बेस्ट लक सांग.

हॉस्पिटलचं पत्र तुला मिळालं हे तू एसएमएस केलास, बरं केलंस. मला तीन महिने एकटीने तपासण्या करायच्या नाहीत असं ठरलंय. पॉल शेजारी उभा राहतो. पुष्कळदा नुसता स्क्रीनकडे बघतो. कधीतरी म्हणतो, ‘थोडं मागे जा.’ मी मागे जाते. मला अपमान वाटेल असं शशिकांतला वाटलं होतं. वाटत नाही. कुणीतरी दुसरंही बघतंय एवढंच वाटतं.

पण तुझ्या फोनबद्दल लिहायचंय. सहा आठवडे झाले त्याला.

तू रडशील, ओरडशील, फोन आपटशील, असं सगळं मी धरून बसले होते. तू म्हणालीस, ‘इरा, तू काय देव आहेस का? आत्ता शिकलीस म्हणून आत्ता दिसलं. आणि मुद्दाम शोधून मला सांगितलंस. दुसरं कोण सांगतं?’ मग म्हणालीस, ‘माझा तुझ्यावर राग नाही. माझा राग उदयवर आहे.’

आणि मग तू सुरू झालीस, तुला आठवत असेल. ‘माणसाला थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, रक्त कमी झालंय असं जीपी सांगतो, आणि हा कुणाला काही बोलत नाही. मी दोन महिने सांगलीला आईजवळ होते. रोज फोन करायचा. रोज म्हणायचा, मस्त आहे. मला नाही सांगितलं ते एक वेळ समजू शकते मी. पण दहा मिनिटांवर तू राहत होतीस. डॉक्टर. तुला तरी विचारायचं ना त्याने! स्वतःच्या पोरांचा विचार केला नाही. मी त्याचे कपडे न उलगडता काळ्या पिशव्यांत भरून चॅरिटी शॉपला दिले, इरा. एकही ठेवला नाही. इतका राग आला मला.’

मी ‘हं’ म्हटलं.

प्रेअर मीटिंगच्या दिवशीही तू हेच बोलली होतीस, सगळ्यांसमोर. ‘एका शब्दाने कुणाला विचारलं असतं तर.’ तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्यामागे उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही. ट्रे फिरवला.

मधू, त्याने विचारलं होतं.

ऑक्टोबर २००७. मंगळवार होता, माझं मंगळवारी दुपारी क्लिनिक असतं म्हणून आठवतं. मी वॉर्डातून क्लिनिककडे चालले होते, हातात सँडविच होतं. मोबाइल वाजला.

‘इरा, दोन मिनिटं आहेत?’

‘बोल.’

‘जीपी म्हणतो हिमोग्लोबिन नऊ आहे. आयर्न लो. मला हल्ली जरा दमायला होतं. तो विचारत होता कॅमेरा झालाय का कधी. मी म्हटलं झालाय, मैत्रिणीनेच केलाय. परत करायला हवा का?’

‘कधी केला आपण?’

‘गेल्या वर्षी जुलैत.’

‘मग नको. सव्वा वर्षात काही उगवत नाही. मी स्वतः बघितलंय, आत सगळं स्वच्छ होतं. मधू नाही म्हणून नुसता टोस्ट खाऊन राहत असशील. तीन महिने आयर्नच्या गोळ्या घे, मग बघू.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘बरं. मधूला काही बोलू नकोस. तिला तिकडे आईचं पुरे आहे.’

एवढंच. मी क्लिनिकला वेळेत पोचले.

पन्नाशीच्या पुरुषाचं आयर्न कारण नसताना कमी झालं तर काय करायचं हे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं. परत तपासायचं. आधी कुणी काहीही म्हणालेलं असो. तोंडी परीक्षेत ‘गोळ्या द्या’ असं उत्तर देणाऱ्याला मी नापास करते, केलेलं आहे. पण ‘नॉर्मल’ असं मी लिहिलेलं होतं, आणि माझ्या लिहिण्यावर माझा विश्वास होता. उदय कुठलीही गोष्ट दोनदा विचारणारा माणूस. विमानाच्या पंखांवर काम करणारा. त्याने ‘नक्की?’ विचारलं. मी ‘नक्की’ म्हटल्यावर त्याने गोळ्या घेतल्या. अडीच महिने घेतल्या. जानेवारीत पोटात दुखायला लागलं तोपर्यंत.

तेव्हा, त्या ऑक्टोबरात, परत बघितलं असतं तर तो वाचला असता का? पॉलला मी हेही सांगितलं. तो म्हणाला, कदाचित. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला नसता तर. मी त्याला टक्केवारी विचारली नाही.

हा फोन कुठेही नोंदलेला नाही. फोटोवर वेळ असते, यावर काही नाही. उदय गेला, मी गप्प बसले असते तर तो कुणालाच कळला नसता. हॉस्पिटलला फोटो सांगताना मी हा सांगितला नव्हता. तुलाही नाही. फोटो सांगितला म्हणजे सगळं सांगितलं असं मी धरलं होतं. तू मला माफ केलंस आणि त्यासाठी उदयला दोष दिलास, तेव्हा कळलं की मी काहीच सांगितलेलं नाही. तरी मी ‘हं’ म्हटलं. आणि त्यानंतर सहा आठवडे गेले.

या शुक्रवारी मी हॉस्पिटलला तेही लेखी दिलं. आता तुला.

तो बेफिकीर नव्हता, मधू. त्याने वेळेवर विचारलं, बरोबर माणसाला विचारलं. मुलांना हे सांग. मी सांगू का असं विचारायचा मला हक्क नाही.

सोबत एक फॉर्म आहे. तुझ्या फोनच्या वेळी मी म्हटलं होतं की पॉलला एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या तीसेक डॉक्टरांसाठी असंच ट्रेनिंग घ्यायचंय, त्यात हा फोटो वापरायचाय. घरच्यांनी नको म्हटलं तर तो वापरणार नाही. नाव नसतं. ‘पुरुष, वय ४९’ एवढंच असतं. तू लगेच म्हणाली होतीस, पाठव, सही करते. मी पाठवला नाही. या पत्रासोबत फॉर्म धाडणं बरं दिसत नाही, कळतं मला. पण आधी पाठवला असता तर तू हे माहीत नसताना सही केली असतीस.

सही कर किंवा करू नकोस. फाडून टाकलास तरी चालेल.

मी फोन करणार नाही.

इरावती


मिल्टन कीन्स,
८ फेब्रुवारी २००९

इरावती,

तुझं पत्र जानेवारीतच मिळालं. दोनदा उत्तर लिहायला घेतलं, जमलं नाही.

पहिले तीन आठवडे मी कुणालाच सांगितलं नाही. ऑफिसला गेले, आले. मग सोमवारी बर्फ पडला, तनूची शाळा बंद, माझं ऑफिस बंद. कुश वीकएंडला आलेला, तोही अडकला. तिघं घरातच होतो. मी तुझं पत्र काढलं आणि त्यांना वाचून दाखवलं. कुशला निम्मं कळलं नाही, थांबून थांबून इंग्रजीत सांगावं लागलं. तो फोन वाचला तेव्हा त्याने मला थांबवलं. म्हणाला, ‘म्हणजे बाबांनी विचारली होती? ही डिड आस्क?’ मी म्हटलं हो. तो जॅकेट घालून बाहेर गेला आणि आमच्याच नाही, शेजारच्या तिन्ही घरांच्या ड्राइव्हवरचा बर्फ काढला. दोन तास. आत आला तेव्हा तनू म्हणाली, ‘मम, तू बाबांवर इतकी अँग्री होती.’

आठ महिने मी त्याच्याशी भांडले, इरा. मनातल्या मनात, रोज, गाडी चालवताना. तो मेलेला आणि मी भांडत होते. ते आठ महिने तू मला परत देऊ शकत नाहीस. फोटोचं मी म्हटलं होतं ते अजूनही म्हणते, ते कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं. पण हे तू मेमध्ये सांगू शकत होतीस. तू ट्रे फिरवलास.

हॉस्पिटलला मी तक्रार लिहिली आहे. फोटोची नाही. फोनची. तुझ्या नावाने. तू स्वतः कळवलंस हेही त्यात लिहिलंय, कारण ते खरं आहे. पुढे काय होईल ते होईल. नोकरी जाईल की काय ते मला माहीत नाही, आणि मी ते डोक्यात ठेवून लिहिलेलं नाही.

फॉर्म सही करून पाठवते आहे. कुश आणि तनू दोघांनीही वाचलाय. आमची एक अट आहे. ती फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती म्हणून इथे लिहिते. तो फोटो पॉलने दाखवायचा नाही. तू दाखवायचास. तिथे उभं राहून, तुझाच आहे असं सांगून. त्यांना फोटोत ते सापडलं की थांबायचं नाही. त्यापुढे ऑक्टोबरचं सांगायचं. तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस, सगळं. ‘नक्की’सकट. तीस डॉक्टर असतील तर तिसांना. पुढच्या वर्षी पुन्हा घेतलंत तर पुन्हा.

नाव सांगू नकोस. पण त्याने विचारलं होतं हे सांग.

शशिकांतला म्हणावं कुशला ईमेल करत जा, त्यात काही बदल नको.

तू ये, असं मला आत्ता लिहिता येत नाही.

मधुमती